गॅमा किरण सोडलेली मिरची खावी का?

प्रश्न : आमची मिरची नंदुरबारला पथारीवर सुकते. मसाल्यांवर म्हणे गॅमा किरण सोडतात. किरणांनी डीएनए तुटतो, असं मुलगी सांगते. मग खाणाऱ्याला धोका नाही का?
– एक शेतकरी, नंदुरबार

उत्तर : मुलगी म्हणते ते खरं, पण किरणांचा रोख असतो तो मिरचीवरच्या जंतूंवर. उघड्यावर सुकताना धुळीबरोबर जिवाणू आणि बुरशीही बसते. वाशीच्या विकिरण केंद्रात २००० सालापासून मसाल्यांवर कोबाल्ट-६० चे गॅमा किरण सोडतात. काही किरण डीएनएवर थेट घाव घालतात. काहींमुळे पेशीतलं पाणी फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि ते डीएनएवर हल्ला करतात. डीएनएच्या अ‍ॅडेनिन, ग्वानिन, सायटोसिन, थायमिन या घटकांत ग्वानिन सर्वांत नाजूक. त्याचं ऑक्सोग्वानिन झालं, की ते सायटोसिन सोडून अ‍ॅडेनिनशी जोडी जमवू लागतं. अशी सुटी चूक पेशी दुरुस्त करू शकते. दोन्ही धागे जागोजागी तुटले, की मात्र जंतूची वाढच खुंटते. सुक्या मिरचीत पाणी कमी, त्यामुळे असे रॅडिकलही कमी, म्हणून किरणांची मात्रा मोठी लागते : साधारण १० किलोग्रे.

मिरची स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. या किरणांत तेवढी ऊर्जाच नसते. तिचा तुटका डीएनए आपण एरवीसारखाच पचवतो. किरण सोडलेल्या मसाल्याच्या पाकिटावर हिरवं ‘रडुरा’ चिन्ह असतं.

एक मात्र ध्यानात ठेवा : किरणांनी बुरशी मरते, तिने आधीच सोडलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष जात नाही. ओल लागली, की बुरशी वाढते; तेव्हा अवकाळीचं आभाळ आलं, की पथारीवरची मिरची आधी झाका.