शेवटची गाडी किती वाजता?

महाविद्यालयात प्रवेश घेताना विद्यार्थ्याने आपल्या आवडीनुसार विषय निवडावेत, असे माहितीपुस्तिकेत छापलेले असते. आर्णीतच राहणाऱ्यांना ते लागू पडत असेलही. परंतु खेड्यातून रोज ये-जा करणाऱ्याची पहिली निवड विषयांची नसते, गाडीची असते. मला भूगोल घ्यायचा होता. भूगोलाची प्रात्यक्षिके संध्याकाळपर्यंत चालतात आणि आमच्या गावाकडची शेवटची खात्रीची गाडी त्याआधी निघते; म्हणून मी मराठी वाङ्मय घेतले. (मराठी वाङ्मयाबद्दल आता माझी काही तक्रार नाही, हे आमच्या सरांनी कृपया लक्षात घ्यावे.) आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी बाबांनी कोणता विषय घेतेस, हे विचारलेच नाही. ते एवढेच म्हणाले, "शिक तू, काई हरकत नाई. पन दिवे लागाच्या आत घरी आली पायजे." या एका अटीत किती विचार दडलेला आहे, हे मला वर्षभराने कळले. तो विचार येथे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आर्णीला रेल्वे कधी आलीच नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरची १९०३ सालची शकुंतला दारव्ह्यावरून जात असे. आता तीही बंद आहे. तेव्हा आपल्याला रस्ता हाच एक आधार. तुळजापूरहून नांदेड, उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, वर्धा असे करीत बुटीबोरीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आपल्या गावातून जातो. त्यामुळे आपल्या वर्गात सरळ सरळ दोन जाती पडतात : हमरस्त्यावरच्या गावांची मुले आणि आतल्या गावांची मुले. हमरस्त्यावरच्यांना गाड्या पुष्कळ दिसतात; पण दिसणारी प्रत्येक गाडी त्यांची नसते. लांब पल्ल्याची जलद गाडी लहान गावाला थांबत नाही. कंडक्टर भला असला तर थांबवतो, नसला तर हात दाखवणारा विद्यार्थी हात दाखवतच राहतो. म्हणून हमरस्त्यावरच्या विद्यार्थ्याने गाड्यांची संख्या मोजू नये, आपल्या थांब्यावर थांबणाऱ्या साध्या गाड्या मोजाव्यात. वीस गाड्या जातात म्हणून निर्धास्त असलेल्या मुलाला प्रत्यक्षात चारच मिळतात, हे मी पाहिले आहे.

आतल्या गावांची, म्हणजे सावळी सदोबाच्या बाजूची किंवा पैनगंगेच्या काठाकडची, गोष्ट निराळी. तेथे 'कोणती गाडी' हा प्रश्नच नसतो. 'गाडी आहे की नाही' हा असतो. अशा गावाचे सर्वांत मोठे भाग्य म्हणजे मुक्कामी गाडी. ती रात्री गावात येते, चालक-वाहक गावातच झोपतात आणि पहाटे तीच गाडी निघते. तिच्यासारखी भरवशाची गाडी दुसरी नाही. कारण ती कुठून यायची नसते, आधीच दारात उभी असते. मात्र ती फार लवकर पोचवते. पहिला तास सुरू होण्याआधीचा दीड तास बसस्थानकाच्या बाकावर काढावा लागतो. आमच्यातल्या दोघी-तिघींचे अर्धे वाचन त्या बाकावर झाले आहे. तेव्हा त्या वेळेला वाया गेलेली म्हणू नये.

आता मुख्य मुद्दा. नवीन विद्यार्थी सकाळची गाडी आधी पाहतो. मी म्हणेन, आधी परतीची पाहावी, आणि तीही शेवटून सुरुवात करून. शेवटची गाडी कोणती, ती चुकली तर तिच्यामागे काय आहे आणि काहीच नसेल तर आर्णीत रात्री कोणाचे घर आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच सकाळची गाडी ठरवावी. सकाळची गाडी चुकली तर एक तास बुडतो. संध्याकाळची चुकली तर मुलाची फजिती होते आणि मुलीचे शिक्षण धोक्यात येते. ही अतिशयोक्ती नाही, पुढे सांगते.

त्याआधी पैशांचा हिशेब, कारण घरी तोच पहिल्यांदा विचारतात. एस. टी. च्या विद्यार्थी पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्साच आपण भरतो. तो पास घर ते महाविद्यालय एवढ्याच मार्गावर आणि साध्या गाडीत चालतो. दुसरीकडे १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस. टी. त अर्धे तिकीट झाले. तेव्हापासून आमच्या मैत्रिणींत वाद असतो की पास काढायचा की रोज अर्धे तिकीट घ्यायचे? समजा, एका बाजूचे पूर्ण तिकीट ३० रुपये आहे आणि महिन्याचे २५ दिवस धरले. पूर्ण भाडे १५०० रुपये, पास त्याच्या तिसऱ्या हिश्शात म्हणजे ५०० रुपयांत. अर्ध्या तिकिटाने मुलीला रोजचे ३० रुपये पडतात. म्हणजे सतरा दिवस कॉलेजला आलात तर पास स्वस्त, त्याहून कमी आलात तर अर्धे तिकीट स्वस्त. मुलाला रोजचे ६० पडतात, त्यामुळे त्याचा पास नवव्या दिवशीच वसूल होतो. दिवाळीच्या महिन्यात किंवा परीक्षेच्या वाचन-सुटीत मुलींनी हा भागाकार जरूर करावा. खिडकीवर पासाची नेमकी रक्कम विचारावी आणि तिला रोजच्या जाण्या-येण्याच्या खर्चाने भागावे. एवढे गणित बी. ए. च्या विद्यार्थ्यालाही जमते.

येथे एक गोष्ट मनाला खटकते. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना मोफत पास मिळतो, तो बारावीपर्यंत. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मुलींना शाळेत नेतात, त्याही बारावीपर्यंतच. म्हणजे शासनाने खेड्यातल्या मुलीचे बोट बरोबर त्या फाट्यावर सोडले आहे, जेथून तिची वाट लांब होते. बारावीपर्यंतचे विद्यालय पुष्कळदा जवळपास असते. पदवीचे महाविद्यालय तालुक्यालाच असते.

आता जीप. काळी-पिवळी, ट्रॅक्स, मॅजिक, जे काही फाट्यावर उभे असते ते सारे मी 'जीप' या एकाच नावात घेते. जीपची निंदा करणे सोपे आहे, पण तिच्यावाचून आपले चालत नाही, हेही खरे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. कोरोनानंतर महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ ला नुकतीच उघडली होती. मी तेव्हा दहावीत होते. त्या काळात खेड्यापाड्यातली मुले शिकली ती जीपवाल्यांच्या भरवशावर. हे ऋण नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु बस आणि जीप यांच्यातला फरक समजून घ्यावा. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रवासी गाड्यांचे दोन प्रकार मानतो. एक टप्पा वाहतुकीची गाडी : ती ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या टप्प्यांना, प्रत्येक प्रवाशाकडून वेगळे भाडे घेऊन चालते. दुसरी कंत्राटी : ती एखाद्याने किंवा एखाद्या मंडळीने पूर्ण ठरवून घ्यायची असते, वाटेत मिळेल त्याला चढवायचे-उतरवायचे नसते. फाट्यावरची जीप कागदावर बहुधा दुसऱ्या प्रकारची असते आणि काम पहिल्या प्रकारचे करते. म्हणून तिला वेळापत्रक नाही. "दोन सीट भरू दे वं ताई, मंग निघतो," हेच तिचे वेळापत्रक.

मागल्या वर्षी पावसाळ्यात शेवटची गाडी हुकल्यावर आम्ही तिघी एका जीपमध्ये बसलो. अर्ध्या वाटेवरच्या फाट्यावर बाकीचे उतरले. पुढे आम्हीच तिघी. चालक म्हणाला, तिघींसाठी आत जाणे परवडत नाही, उतरा. तो शिवराळ नव्हता की उद्धट नव्हता. त्याने पुढच्या वाटेचे पैसेही परत दिले. आम्ही चार किलोमीटर चालत गेलो. घरी पोचलो तेव्हा दिवे लागून बराच वेळ झाला होता. आमच्यातली एक दिवाळीनंतर महाविद्यालयात आली नाही. तिचे लग्न ठरले म्हणून सांगतात. पण फाट्यावरची ती संध्याकाळ त्याच्या आधीची आहे.

एकच प्रवासी उरला तरी शेवटच्या थांब्यापर्यंत जाते ती बस. माझ्या दृष्टीने बसची व्याख्या एवढीच आहे. वेग, गादी, गाणी हे सारे त्याच्या नंतर.

पण ही बस टिकते कशावर? १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ही पहिली एस. टी. धावली. ज्या १९५० च्या कायद्याने राज्यांची परिवहन महामंडळे चालतात, त्यात दोन गोष्टी शेजारी-शेजारी लिहिल्या आहेत. कलम १८ म्हणते, पुरेशी, कार्यक्षम आणि परवडणारी वाहतूक पुरवावी. कलम २२ म्हणते, धंद्याच्या तत्त्वाने वागावे. आमच्या गावची संध्याकाळची फेरी या दोन कलमांच्या मधे उभी आहे. 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे ब्रीद पहिल्या कलमाच्या बाजूने बोलते. 'भारमान' हा शब्द दुसऱ्याच्या. भारमान म्हणजे गाडीतल्या जागांच्या मानाने प्रवासी किती बसले, त्याचे प्रमाण. ते सतत कमी राहिले की त्या फेरीवर गदा येते.

आणि येथेच आपण विद्यार्थी एक घोळ घालतो. घाई असली की जीपने जातो, पास काढत नाही, आणि मग फेरी बंद झाली की ओरडतो. गाडीत न बसलेला प्रवासी भारमानात दिसत नाही, तो कितीही खरा असला तरी. पासधारक मात्र दिसतो, कारण त्याची नोंद असते आणि त्याच्या सवलतीची रक्कम शासन महामंडळाला देते. आमच्या गावातून व वाटेवरच्या वाड्यांतून येणारी पंधरा मुले-मुली आहेत. पंधरा पास एका मार्गावर एका महिन्यात निघाले, तर फेरी मागणाऱ्या अर्जाला पाय फुटतात. सातच निघाले, तर तो नुसता कागद.

अर्जाबद्दल दोन शब्द. 'आमची फार गैरसोय होते' असे लिहून काही होत नाही. गैरसोय सर्वांचीच होते. कोणत्या गावचे किती विद्यार्थी, किती पासधारक, महाविद्यालय किती वाजता सुटते, गाडी किती वाजता हवी आणि ती कोणत्या विद्यमान फेरीची वेळ बदलून मिळू शकते, हे लिहावे. नवी फेरी मागण्यापेक्षा असलेल्या फेरीची वेळ अर्धा तास पुढे ढकलणे आगाराला पुष्कळ सोपे असते. सोबत प्राचार्यांचे पत्र आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडावा. अर्ज आगार व्यवस्थापकांकडे, प्रत विभाग नियंत्रकांकडे, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. हे सत्र सुरू होण्याआधी, जूनमध्येच करावे.

राहिली आपल्या घरची बाजू. प्राध्यापक महाशय वेळापत्रक आखतात तेव्हा त्यांच्यासमोर वर्गखोल्यांचा आणि शिक्षकांचा तक्ता असतो. त्याच्या शेजारी बसस्थानकावरचा तक्ता ठेवावा, अशी माझी नम्र सूचना आहे. प्रात्यक्षिकाच्या दोन तुकड्या असतात. बाहेरगावच्या मुलींना सकाळची तुकडी दिली, तर महाविद्यालयाला एक पैसा खर्च येणार नाही. मी आमच्या वर्गातल्या बाहेरगावच्या सर्वांच्या गावांची नावे आणि त्यांच्या शेवटच्या गाडीची वेळ एका वहीत उतरवून घेतली आहे. भूगोल विभागाने मागितली तर ती वही मी आनंदाने देईन.