हीट पंपाला कव्हर विकू नका, सर्व्हिस विका



एसी सर्व्हिसिंग करणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते, थंडी आली की फोन वाजत नाही. आपल्याकडे ते खरंही आहे. पण शिमला, मनाली, श्रीनगरला उलटा हिशोब आहे. तिथल्या 'हॉट अँड कोल्ड' एसीची, म्हणजे हीट पंपाची, खरी ड्युटी हिवाळ्यातच असते.

मग धंद्याची पहिली आयडिया काय सुचते? बाहेरच्या युनिटला प्लास्टिकचं कव्हर! विकायला सोपं, मार्जिन चांगलं. पण चालू हीट पंपाला कव्हर घालणं म्हणजे धावणाऱ्या माणसाचं नाक दाबणं.

का, ते समजून घ्या. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून घरात आणतो. बाहेर शून्याखाली तापमान असलं तरी आतला गॅस त्याहून थंड असतो, म्हणून हे जमतं. हवामान बरं असेल तर १ युनिट विजेत साधारण ३ युनिट उष्णता मिळते. थंडी वाढली की हा आकडा घसरतो आणि हवा अडली की आणखी घसरतो. म्हणजे बिल ग्राहकाचं वाढतं आणि नाव तुमचं खराब होतं.

दुसरी गोष्ट, डीफ्रॉस्ट. थंडीत बाहेरच्या कॉइलवर हिम धरतं. ते वितळवायला मशीन मधूनमधून काही मिनिटं उलटं चालतं. तेव्हा बाहेर वाफ दिसते, आत गरम हवा थांबते. हा बिघाड नाही. ग्राहकाला आधीच सांगून ठेवा, निम्मे घाबरलेले फोन येणारच नाहीत.

आता विकायचं काय? हिवाळ्याआधीची तपासणी.

१. युनिट स्टँडवर, साचणाऱ्या बर्फाच्या पातळीच्या वर आहे ना?
२. चारही बाजूंना दोनेक फूट मोकळी जागा आहे का? नसेल तर निदान कंपनीच्या मॅन्युअलइतकी तरी हवीच.
३. छपराचं पाणी पंख्यावर टपकत असेल तर वर छोटं छप्पर लावा, बाजू उघड्या ठेवा.
४. खालची पाणी जायची भोकं साफ करा. तिथे पाणी गोठलं तर पंखा अडकतो.
५. आतला फिल्टर महिन्यातून एकदा धुवायला ग्राहकाला शिकवा.
६. बर्फ स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. पाइपला भोक पडलं तर गॅस जातो. मशीन बंद करून मऊ ब्रशने काढा. सगळी कॉइल पुन्हा पुन्हा गोठत असेल तर गॅस, सेन्सर आणि व्हॉल्व्ह तपासा.

आपल्याकडे बर्फ नाही, पण हॉटेल-हॉस्टेलच्या गच्चीवर पाणी तापवणारे हीट पंप आहेत. हवा मोकळी ठेवायचा नियम त्यांनाही लागू आहे.

लक्षात ठेवा, कव्हर एकदाच विकलं जातं, तपासणी दरवर्षी. आजचा गृहपाठ: या सहा मुद्द्यांचं एका पानाचं तपासणी कार्ड बनवा, खाली तारीख आणि सहीची जागा ठेवा. पुढच्या ग्राहकाकडे ते घेऊनच जा.