कृष्णविवरांचा 'ई'

फर्स्ट इयरच्या ड्रॉइंगमध्ये ई = २/३ धरून एलिप्स आपण सगळ्यांनीच काढलाय. हाच ई, म्हणजे उत्केंद्रता, मला पुन्हा भेटला तो कृष्णविवरांच्या जोड्यांत. ई शून्य तर कक्षा गोल. एकाच्या जवळ तर फार लांबट.

या जोड्या जुळतात कशा? एक तर दोन तारे जन्मापासून सोबत असतात आणि दोन्हींची कृष्णविवरं होतात. नाहीतर दाट तारकागुच्छाच्या धक्काबुक्कीत दोन अनोळखी कृष्णविवरं एकमेकांत अडकतात. (एस.टी. स्टँडवर जुळलेलं लग्न म्हणा ना!) अशी कक्षा बरीच लांबट असू शकते.

मग ई मोजला की झालं? तिथेच तर गोची आहे. दोन्ही सर्वांत जवळ येतात तेव्हाच गुरुत्वीय लहरी जास्त ऊर्जा नेतात, त्यामुळे कक्षेचं लांबचं टोक आत येत जातं. पीटर्स यांनी १९६४ साली हे गणित मांडलं. ई लहान असेल, तर लहरींची वारंवारता दहापट वाढेपर्यंत तो सुमारे अकरापट घटतो. लायगोला ऐकू येतं साधारण १० हर्ट्झपासून. तोवर जन्मापासूनच्या जोडीचा ई जवळपास पुसलेला असतो. तिथेही ०.१ उरला असेल, तर संशय गर्दीवरच!

२१ मे २०१९ चा सिग्नल काहींनी लांबट कक्षेचा मानला. पण डुलणारी कक्षाही तसाच सिग्नल देऊ शकते, आणि इतक्या जड जोडीचे शेवटचे मोजकेच फेरे ऐकू येतात. त्यामुळे एका जोडीवर निकाल देणं मला घाईचं वाटतं. शेकडो जोड्यांत लांबट किती, ते प्रमाण हवं.