फडताळातली विलायती कपबशी किती जुनी?



अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीचे नाव तुम्ही इतिहासात वाचले असेल. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली यांच्यात येथे तह झाला. आता अशी कल्पना करा की, याच गावातील एका जुन्या वाड्याची आवराआवर चालली आहे. फडताळातून फुलांच्या नक्षीची एक पातळ, पांढरीशुभ्र कपबशी निघते. विकणारा सांगतो, "ही वेलस्लीच्या छावणीतली आहे. दोन हजारांच्या खाली देणार नाही!"

तुम्ही काय कराल? विश्वास ठेवाल, की हसून सोडून द्याल? दोन्ही घाईचे होईल. आधी कपबशीलाच विचारून पाहू.

पहिला प्रश्न : ती कशाची आहे? पातळ, पारभासी भांडी करण्याची विद्या मूळची चीनची. युरोपात ती जर्मनीतील माइसेन येथे १७१०च्या सुमारास साधली. इंग्लंडमधील कारागिरांनी पुढे वेगळीच वाट काढली. त्यांनी मातीत जनावरांच्या हाडांची राख मिसळली. १७९०च्या दशकात जोसाया स्पोड याच्या कारखान्यात या मिश्रणाला पक्के रूप आले. त्यात साधारण निम्मी हाडांची राख, पाव भाग केओलीन नावाची पांढरी माती आणि पाव भाग फेल्स्पारयुक्त दगडाची पूड असते. हाडांच्या राखेत मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट असते. सुमारे १२५० अंश सेल्सिअसला भाजताना मिश्रणाचा काही भाग वितळून काचेसारखा होतो आणि कणांमधील पोकळ्या भरून काढतो. म्हणून अशा भांड्यात पाणी मुरत नाही, पण उजेड मात्र आरपार येतो. हीच 'बोन चायना'.

यावरून तीन सोप्या परीक्षा करता येतात.

१. कप उजेडासमोर धरा आणि मागे बोटे हलवा. बोटांची सावली दिसली, तर तो साध्या मातीचा नाही.

२. कप तळहातावर ठेवून कडेवर नखाने हलकी टिचकी मारा. अखंड कप खणखणतो. चीर गेलेला बद्द वाजतो.

३. बुडाखालच्या, झिलई नसलेल्या कडेवर पाण्याचा थेंब ठेवा. तो चटकन शोषला गेला, तर माती सच्छिद्र आहे.

समजा, आपली कपबशी तिन्ही परीक्षांत उतरली. म्हणजे ती १८०३ सालची ठरली का? नाही. बोन चायना तेव्हा होती आणि आजही बनते. 'असू शकेल' आणि 'आहे' यांत मोठे अंतर आहे.

दुसरा प्रश्न : बुडावर काय लिहिले आहे? भिंग घेऊन पाहा. चौकट तिरपी उभी केल्यासारखा, अक्षरे-आकडे असलेला नोंदणीचा शिक्का १८४२ ते १८८३ या काळातला. मात्र तो नक्षीच्या नोंदणीची तारीख सांगतो, कप घडवल्याची नव्हे. १८८४पासून त्याऐवजी नोंदणी क्रमांक आला. अमेरिकेच्या जकात कायद्यामुळे १८९१पासून भांड्यांवर 'इंग्लंड' असे देशाचे नाव येऊ लागले. 'मेड इन इंग्लंड' असेल, तर कप बहुधा विसाव्या शतकातला.

आपल्या कपावर नेमके हेच शब्द आहेत. मग तो वेलस्लीच्या छावणीत असेल कसा?

पण सावध! शिक्का खोटाही मारता येतो, आणि शिक्का नसणे हा जुनेपणाचा पुरावा नव्हे. झिलईवरच्या बारीक भेगांनीही फसू नका. भांडे आणि झिलई थंड होताना कमीजास्त आकसतात, म्हणून त्या पडतात. नव्या भांड्यालाही पडू शकतात. म्हणून माती, नक्षी आणि शिक्का या तिन्ही साक्षीदारांचे म्हणणे जुळले पाहिजे.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जुन्या झिलईत व रंगांत शिसे असू शकते. लोणचे, चिंच, लिंबू यांतील आम्लाने ते अन्नात उतरते. म्हणून अशी भांडी पाहण्यासाठी ठेवा, जेवणासाठी नको. तसेच १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षे वा त्याहून जुनी कलावस्तू 'पुरावस्तू' ठरू शकते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही.

मग आपली कपबशी कवडीमोल ठरली का? मुळीच नाही. हजारो मैलांवरून ती वऱ्हाडातल्या या वाड्यात कशी आली? कोणी, कोठून, कोणत्या प्रसंगी घेतली? घरातल्या आजीला हे ठाऊक असेल. तिला विचारा, ती सांगेल ते तारीख घालून कागदावर लिहा आणि कागद कपाजवळ ठेवा. वेलस्लीची खोटी गोष्ट कपाची किंमत वाढवील; आजीची खरी गोष्ट त्याचा इतिहास वाचवील.

करून पाहा : घरातील पाच कप घ्या, तिन्ही परीक्षा करा, बुडावरचे शिक्के उतरवून घ्या आणि तक्ता करून वर्गात दाखवा.