गुप्तरोगांचें गुप्तपण

पेण आणि रोहें हीं आपल्या रायगड जिल्ह्यांतील दोन जुनीं गांवें. एक भोगावतीच्या कांठीं वसलें आहे, दुसरें कुंडलिकेच्या. पेणेच्या गणेशमूर्ति दूरदूरच्या देशीं जातात; रोह्याजवळ धाटाव येथें रासायनिक कारखाने उभे आहेत. मुंबई-गोवा महामार्ग या टापूंतून जातो आणि कोंकण रेल्वेचा आरंभ रोह्यापासूनच होतो. कित्येक तरुण कामाकरितां मुंबईस जातात, परप्रांतींचे मजूर येथें येतात, आणि पाऊस सरला कीं कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांची वाट धरितात. घरापासून दूर, एकाकी राहणाऱ्या तरुणास ज्या रोगांचें भय अधिक असतें, त्यांविषयीं आज आम्ही लिहिणार आहों. हे रोग परक्या माणसाचे नव्हत आणि प्रवासाचेही नव्हत. ते कोणत्याही गांवीं, कोणत्याही कुळांत येऊं शकतात.

या रोगांना आपल्या भाषेंत गुप्तरोग म्हणतात. हें नांवच विचार करण्याजोगें आहे. क्षय, हिंवताप, पटकी यांचीं नांवें आपण मोठ्यानें घेतों. परंतु गरमी किंवा परमा यांचें नांव निघालें कीं आवाज खालीं येतो. ही लाज आपल्याच देशापुरती नाहीं. सोळाव्या शतकांतील भावप्रकाश या वैद्यकग्रंथांत गरमीस ‘फिरंगरोग’ म्हटलें आहे. म्हणजे तो फिरंग्यांचा. युरोपांत इटलीचे लोक त्यास फ्रेंच रोग म्हणत, तर फ्रेंच लोक त्यास नेपल्सचा रोग म्हणत. तो आपल्या घरचा म्हणावयास कोणीच तयार नव्हता. आमच्या मतें या रोगांच्या फैलावाचें एक मोठें कारण हेंच होय. रोग जंतु उत्पन्न करितात, परंतु त्या जंतूंस लपावयास जागा लाज देते.

ती कशी, हें गरमीच्या उदाहरणानें समजेल. हा रोग आहारांतील उष्णतेनें होत नाहीं. तो बहुधा शरीरसंबंधांतून एकाचा दुसऱ्यास लागतो. प्रथम एक व्रण उठतो. तो दुखत नाहीं, आणि औषधावांचूनही कांहीं आठवड्यांत आपोआप भरून येतो. रोगी समजतो कीं संकट टळलें. पुढें अंगावर पुरळ येतो, तोही जातो. त्यानंतर रोग कित्येक वर्षें निपचित पडून राहतो आणि अखेरीस एखाद्याच्या हृदयावर, एखाद्याच्या मेंदूवर घाला घालितो. गर्भवती मातेस तो असेल तर पोटांतील मूल दगावूं शकतें, किंवा जन्मतःच तो रोग घेऊन येतें. येणेंप्रमाणें ज्यानें लाजेनें चार आठवडे वाट पाहिली, त्यास रोग बरा झाल्याचा भास होतो, आणि त्याच भासांत त्याचा घात असतो.

परम्याची गोष्ट याहून निराळी, पण तितकीच दुःखद आहे. पुरुषास जळजळ व पू यांवरून तो बहुधा कळतो. स्त्रीस पुष्कळ वेळां कांहींच कळत नाहीं. रोग आंतल्या आंत गर्भाशयाकडे व बीजनलिकांकडे सरकतो, आणि त्या नलिका बंद झाल्या म्हणजे तिला मूल होत नाहीं. मग सासरीं तिला वांझ म्हणून हिणविलें जातें. ज्या पतीनें रोग घरीं आणिला, त्यास कोणी कांहीं विचारीत नाहीं. वाचकांनीं या अन्यायाचा विचार करावा. येथें लाज रोगास झांकते आणि दोष निरपराध स्त्रीच्या माथीं मारिते.

सरकारनें एके काळीं हा प्रश्न बळानें सोडवूं पाहिला होता. १८६८ साली हिंदुस्थानांत सांसर्गिक रोगांचा एक कायदा झाला. त्यान्वयें वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांची नांवनोंदणी व सक्तीची तपासणी होत असे. पुरुषांस मात्र ही तपासणी नव्हती. परिणाम असा झाला कीं स्त्रिया तपासणीस भिऊन लपूं लागल्या. अखेर १८८८ साली तो कायदा रद्द झाला. भीति दाखवून रोग बाहेर येत नाहीं, तो अधिकच खोल जातो, हा धडा त्यांतून घेण्यासारखा आहे.

दुसरा मार्ग ज्ञानाचा. महाराष्ट्रांत तो प्रथम निर्भयपणें चोखाळणारे गृहस्थ म्हणजे प्रोफेसर रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षि कर्व्यांचे हे ज्येष्ठ चिरंजीव मुंबईच्या विल्सन कॉलेजांत गणित शिकवीत असत. १९२१ साली त्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढिलें आणि गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर स्वतंत्र पुस्तकही लिहिलें. या कार्यापायीं १९२५ साली त्यांस ती नोकरी सोडावी लागली. ही गोष्ट एका मिशनरी विद्यालयाच्या अंकांत लिहितांना आम्हांस संकोच वाटत नाहीं. सत्य सांगणें हेंही विद्यालयाचेंच काम होय. १९२७ च्या जुलैंत त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलें, आणि १९५३ साली मृत्यु येईपर्यंत तें चालविलें. वाचकांनीं विचारलेल्या प्रश्नांस दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्यांची बाजू मांडिली. तरीही दंड झालाच. अडाणीपणा दूर करावयास निघालेल्या मनुष्यास कोर्टांत उभें राहावें लागलें, यावरून त्या वेळच्या लाजेचें बळ ध्यानांत येईल.

पुढें विज्ञानानें मोठी मजल मारिली. १९२८ साली शोध लागलेलें पेनिसिलिन १९४३ साली गरमीवर प्रथम वापरण्यांत आलें, आणि शतकानुशतकें असाध्य मानलेला रोग बरा होऊं लागला. १९५५ पासून तें औषध आपल्या पुण्याजवळ पिंपरी येथें तयार होऊं लागलें. परंतु १९८६ साली मद्रास येथें एच. आय. व्ही. या विषाणूची लागण आपल्या देशांत प्रथम आढळली. तिची रक्तपरीक्षा वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत झाली होती. हा विषाणु शरीराची रोगप्रतिकारशक्ति पोखरतो. तो शरीरांतून समूळ घालविणारें औषध अद्याप सर्वसाधारण उपयोगांत नाहीं. परंतु त्यास दाबून ठेवणारीं औषधें सरकार २००४ पासून विनामूल्य देत आहे. तीं नियमित घेणारा मनुष्य दीर्घ काळ जगूं शकतो, आणि रक्तांतील विषाणु पूर्ण दबला असतां त्याच्यापासून शरीरसंबंधानेंही लागण होत नाहीं. एका बांकावर बसल्यानें, एकत्र जेवल्यानें अथवा डांस चावल्यानें तर हा रोग मुळींच लागत नाहीं.

इतकें असूनही लाज संपली नाहीं. २००७ साली महाराष्ट्र सरकारनें शाळांतील लैंगिक शिक्षणास स्थगिति दिली होती. पुढें २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींस मोकळेपणीं सल्ला मिळावा म्हणून महाराष्ट्रांतील सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ या नांवानें केंद्रें निघालीं. पेण व रोहें या दोन्ही ठिकाणीं उपजिल्हा रुग्णालयें आहेत आणि अलिबागेस जिल्हा रुग्णालय आहे. शंका येतांच पहिलें पाऊल तिकडे वळावें. एच. आय. व्ही. ची तपासणी व समुपदेशन सरकारी केंद्रांत विनामूल्य होतें. रुग्णाच्या संमतीवांचून त्याचा रोग प्रगट करणें हें २०१७ च्या कायद्यानें, कांहीं ठराविक प्रसंग सोडतां, मना आहे. १०९७ या क्रमांकावर दूरध्वनीनें माहिती फुकट मिळते.

आतां विद्यार्थ्यांस दोन शब्द. संयम आणि पुढें विवाहांत परस्परांशीं निष्ठा, हें पहिलें संरक्षण होय. वैद्यकशास्त्रानें निरोधाचें साधनही दिलें आहे आणि त्याचा नीट उपयोग केल्यास धोका पुष्कळ कमी होतो, हें मोठेपणीं ठाऊक असलें पाहिजे. यकृतास सूज आणणाऱ्या बी जातीच्या काविळीवर, तसेंच गर्भाशयमुखाचा कर्करोग उत्पन्न करणाऱ्या विषाणूवर लस आहे. तिच्याविषयीं वडील माणसांकडून डॉक्टरांस विचारावें. स्टेशनाच्या भिंतींवर ‘गुप्तरोगावर हमखास इलाज’ अशा जाहिराती लाविणारे भोंदू लाजेवरच आपलें पोट भरितात. त्यांच्या दारीं जाऊं नये. औषध अर्धवट सोडूं नये, आणि जोडीदाराचाही उपचार व्हावा. नाहींतर रोग पुन्हां उलटतो. कोणा मुलावर अगर मुलीवर जबरदस्ती झाली असेल, तर तो तिचा किंवा त्याचा दोष नव्हे. विश्वासाच्या माणसास तत्काळ सांगावें, अथवा १०९८ या क्रमांकावर मदत मागावी.

आईबापांस आमची विनंति याहून थोडकी आहे. मुलानें प्रश्न विचारला असतां त्यास दटावूं नका. उत्तर ठाऊक नसेल तर ‘आपण डॉक्टरांस विचारूं’ इतकें म्हटलें तरी पुरे. ज्या घरांत प्रश्नास दार उघडें असतें, त्या घरचा मुलगा संकटांत सांपडला तर प्रथम घरींच येईल. ज्या घरांत तें बंद असतें, तेथील मुलगा भिंतीवरची जाहिरात वाचील. विनय हा सद्गुण खरा. पण विनय म्हणजे अज्ञान नव्हे. वागण्यांत मर्यादा असावी आणि बोलण्यांत सत्य असावें. हीं दोन्ही एका घरांत सुखानें नांदूं शकतात, आणि तीं नांदलीं म्हणजे गुप्तरोगांस लपावयास जागा उरत नाहीं.