इंजिनाची धार का थांबली?

कोकणच्या खाडीत होडीच्या मागे टांगलेले इंजिन तुम्ही पाहिले असेल. त्यातून पाण्याची बारीक धार सतत उडत असते. रबरी पात्यांचा पंप खालून समुद्राचे पाणी ओढतो. ते सिलिंडरभोवती फिरून उष्णता घेते व बाहेर पडते. पाणीच या पात्यांचे वंगणही असते.

धार थांबली, तर इंजिन ताबडतोब बंद करावे. नाहीतर दट्ट्या सिलिंडरात अडकून होडी भर समुद्रात अडेल. मग क्रमाने पाहावे. पाणी घेण्याच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी वा शेवाळ आहे का? धारेचे भोक मिठाने वा वाळूने बुजले आहे का? दोन्ही ठीक असल्यास पंपाची पाती झिजली असावीत.

काम संपल्यावर इंजिन आतून गोड्या पाण्याने धुतल्यास मीठ साचत नाही. आता सांगा पाहू, किनाऱ्यावर हे इंजिन कोरडे का चालवू नये?