गुणपत्रक आणि पहिला पसंतीक्रम

दहावीचा निकाल लागला की राळेगाव परिसरातील अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. गुण बेताचे आहेत. मग मनातील महाविद्यालयाचे नाव अर्जात पहिले लिहावे, की सहज मिळेल असे जवळचे नाव लिहून मोकळे व्हावे? या प्रश्नाचा विचार इतिहास आणि आजची प्रवेशपद्धती अशा दोन्ही अंगांनी व्हायला हवा.

इ. स. १९०७ मध्ये भीमराव रामजी आंबेडकर मॅट्रिक उत्तीर्ण झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे ३८ टक्क्यांहूनही कमी. परळच्या चाळीतील एका खोलीत कुटुंबाचा संसार आणि त्यांचा अभ्यास एकत्रच चालत असे. पुढे ते एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले, १९१२ मध्ये बी. ए. झाले आणि १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले.

हा दाखला अभ्यासातील ढिलाईच्या समर्थनार्थ देणे मात्र अनुचित होय. त्या काळी मॅट्रिक होणारेच मोजके होते; आज जागांसाठी गुणवत्ता यादी लागते. यातून घ्यायचा बोध एवढाच, की गुणपत्रक ही त्या दिवसापर्यंतच्या वाटचालीची नोंद असते. पुढील क्षमतेचा तो निवाडा नव्हे.

आता पद्धतीकडे वळू. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. अर्जात दहापर्यंत पसंतीक्रम देता येतात. पहिल्या ठिकाणी गुण पुरले नाहीत, तर दुसऱ्या ठिकाणाचा विचार होतो. तेथील जागा गुणांवर आणि आरक्षणाच्या नियमांवर ठरते. ते नाव आपण कितव्या क्रमांकावर लिहिले, यावर नव्हे. म्हणून मोठे नाव वर लिहिल्याने खालची जागा हातची जाईल, ही भीती निराधार आहे. यादीच्या शेवटी खात्रीची नावे असली म्हणजे झाले.

खरी सावधगिरी निराळीच आहे. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर तेथे प्रवेश घ्यावाच लागतो. न घेतल्यास विद्यार्थी पुढील नियमित फेऱ्यांतून बाद होतो. म्हणून ते नाव लिहिण्यापूर्वीच शुल्क, वसतिगृह आणि जाण्यायेण्याचा हिशेब मांडावा. समाजकल्याण विभागाच्या वसतिगृहासाठी अर्ज करावा. तेथे जागा न मिळाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. तिच्या अटी आधीच तपासाव्यात. जातीचा व उत्पन्नाचा दाखला निकालापूर्वीच हाताशी असावा.

एवढे करूनही जागा हुकली, तर? शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने बाबासाहेबांना १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. परंतु चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची परवानगी त्यांनी मिळवून ठेवली होती. १९२० मध्ये ते परत गेले आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. अकरावीला हुकलेले महाविद्यालय पदवीच्या वेळी पुन्हा गाठता येते.

पसंतीचा क्रम विद्यार्थ्याने ठरवावा आणि खर्चाचा हिशेब पालकांनी मांडावा. शहरांत स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी अर्ज भरण्याच्या दिवसांत एक दिवस शाळेसाठी राखून ठेवावा. ज्या घरातून पहिलाच मुलगा किंवा मुलगी गावाबाहेर शिकायला निघाली आहे, त्या घराला अशा जाणत्या माणसाची सर्वाधिक गरज असते.